चांगलं स्टेशनरीचं दुकान कसं ओळखायचं? आणि हा कागद येतो तरी कुठनं?

निळीशाई:
कपाट आवरताना माझ्या दोन जुन्या वह्या सापडल्या. एक कॉलेजातली, दुसरी त्यानंतर पाच-सहा वर्षांनी घेतलेली. कॉलेजातली अजून धडधाकट आहे, पानं उलटताना छान खडखडीत आवाज येतो. आणि वयाने लहान असलेली दुसरी वही पार पिवळी पडलीये, कडा तपकिरी झाल्यात, एक पान उलटलं तर कोपरा तुटून हातातच आला. दोन्ही वह्या इतकी वर्षं एकाच खणात एकमेकींना चिकटून होत्या म्हणजे ऊन, दमट हवा, धूळ सगळं सारखंच, मग एक टिकली आणि एक गेली हे कसं? त्या गेलेल्या वहीत माझ्या आजीकडनं ऐकून लिहून घेतलेल्या गोष्टी आहेत, आणि आता ती पुन्हा सांगायला नाहीये, म्हणून जास्तच लागलं मनाला.

म्हटलं आता यापुढे तरी बघून कागद घेऊ. मी फाउंटन पेनने लिहिते. दुकानात जाऊन वही घेतली, वर मोठ्या अक्षरात १०० जीएसएम लिहिलेलं, म्हटलं जाड आहे म्हणजे चांगलीच असणार. घरी येऊन पहिली ओळ लिहिली तर शाई फुटली, प्रत्येक अक्षराला बारीक मुळं सुटल्यासारखी, आणि मागच्या पानावर ठिपके. तीच शाई तेच पेन एका पातळशा पॅडवर मात्र स्वच्छ उमटतं. दुकानात परत जाऊन विचारलं तर उत्तर मिळालं, कागद म्हणजे कागद हो, सगळा सारखाच. 

तर दोन प्रश्न. चांगलं दुकान ओळखायचं कसं? आणि कागद नक्की कुठनं कसा येतो, की ज्यामुळे एक वही टिकते आणि एक नाही? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा, मी सगळं वाचणारे.

खिळेजुळारी:
निळीशाई, माझी उभी हयात छपाईत गेली त्यामुळे जीएसएमपासून सुरू करतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, बास. त्यातनं जाडीचा अंदाज येतो पण दर्जा कळत नाही. एक सोपा हिशोब सांगतो. ए० आकाराचा कागद बरोबर एक चौरस मीटर असतो आणि तो चार वेळा अर्धा केला की ए४ होतो, म्हणजे ए४ हा त्याचा सोळावा भाग. म्हणून ८० जीएसएमचं एक ए४ पान ५ ग्रॅमचं आणि ५०० पानांचं रीम अडीच किलोचं. रीम घरच्या वजनकाट्यावर ठेवून बघा, वेष्टणाचे थोडे ग्रॅम धरून त्याच्या आसपास भरलं पाहिजे. फारच कमी भरलं तर वर छापलेला आकडा खरा नाही.

आता शाई फुटण्याचं. कापडाला जशी खळ करतात ना तशी कागदालाही करावी लागते, त्याला आमच्यात साइझिंग म्हणतात. कागदाचे तंतू मुळात तहानलेले असतात, पाणी दिसलं की पिणार. ज्याला खळच नाही तो टीपकागद. खळ चांगली बसली की शाई वरच्यावर राहून सुकते, कमी पडली की तंतूतंतूतनं पळते आणि तुम्ही म्हणता तशी मुळं सुटतात. तुमच्या १०० जीएसएमच्या वहीत तंतू भरपूर होते, खळ कमी होती. उलट टोकाचं उदाहरण द्यायचं तर जपानचा टोमोए रिव्हर कागद, ५२ जीएसएमचाही मिळतो, इतका पातळ की मागचं अक्षर दिसतं, पण शाई आरपार उतरत नाही. फाउंटन पेनवाले त्यासाठी जीव टाकतात. हे दोन वेगळे दोष आहेत हेही लक्षात ठेवा, मागचं नुसतं दिसणं हे पातळपणामुळे आणि मागे ठिपके उतरणं हे बहुतेक वेळा खळ कमी असल्यामुळे.

दुकानात तपासायचं असेल तर सुट्या कागदाच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब मोत्यासारखा बसून राहिला तर घ्या, लगेच मुरून कागद काळपट दिसायला लागला तर शाईच्या पेनासाठी घेऊ नका. अर्थात विचारून करा, विकायच्या वहीवर पाणी टाकू नका कोणी.

कोरीपाटी:
खिळेजुळारी काका, हे रीमच्या वजनाचं भारीच आहे, आत्ताच वजन करून आले, २ किलो ४८० भरलं. मी समजत होते ए४ हा आकार कोणीतरी असाच ठरवला असेल.

खिळेजुळारी:
असाच नाही ठरवला. लांबी-रुंदीचं प्रमाण २ च्या वर्गमुळाइतकं ठेवलं की कागद अर्धा केला तरी आकाराचं प्रमाण बदलत नाही. ही गोष्ट लिश्टनबर्ग नावाच्या जर्मन प्राध्यापकांनी १७८६ साली एका पत्रात लिहून ठेवलीय, आणि १९२२ साली जर्मनीत पोर्स्टमान यांनी त्यावर मानक बसवलं, तेच पुढे बहुतेक जगभर गेलं. छापणाऱ्याला याचं मोल विचारा, मोठ्या तावातनं कापताना पट्ट्या वाया जात नाहीत.

जुनीपोथी:
निळीशाई, तुमच्या पिवळ्या वहीबद्दल मी सांगते, ग्रंथालयात जुन्या कागदांची डागडुजी हेच माझं काम आहे.

दोन गुन्हेगार असतात, लिग्निन आणि आम्ल. लाकडात तंतूंना एकमेकांशी धरून ठेवणारा जो डिंकासारखा पदार्थ असतो तो लिग्निन, लाकडाच्या साधारण पाव भाग. लगदा करायच्या दोन मोठ्या तऱ्हा आहेत. एकात लाकूड नुसतं दगडावर नाहीतर चकत्यांत भरडतात, त्यात लाकडाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग कागदात उतरतो, स्वस्त पडतं, पण लिग्निनही सगळं तसंच राहतं. वर्तमानपत्र चार दिवस उन्हात पडलं की पिवळं होतं ते त्यामुळे. दुसऱ्या तऱ्हेत लाकडाचे तुकडे रसायनांत शिजवून लिग्निन विरघळवून काढतात, हाती जेमतेम अर्धं लाकूड लागतं, पण तंतू लांब, मजबूत आणि स्वच्छ मिळतात. यातली सगळ्यात जास्त चालणारी पद्धत म्हणजे क्राफ्ट, कार्ल डाल यांनी १८७९ च्या सुमारास शोधलेली, जर्मनमध्ये क्राफ्ट म्हणजे ताकद. 

दुसरा गुन्हेगार त्या खळीतच लपलेला आहे. पूर्वी युरोपात कागदाला जनावरांच्या हाडाकातड्याच्या सरसाची खळ करायचे. १८०७ साली मोरिट्झ इलिग यांनी राळ आणि तुरटीची खळ काढली, लगद्यातच मिसळता येते, काम झटपट होतं, सगळ्या गिरण्यांनी उचलली. पण तुरटीच्या जातीच्या त्या क्षारातनं आम्ल तयार होतं आणि ते वर्षानुवर्षं तंतूंची साखळी आतनं कापत राहतं. म्हणून माझ्या टेबलावर असं होतं की पाचशे वर्षांपूर्वीचं चिंध्यांच्या कागदाचं पुस्तक खुशाल उघडता येतं आणि १८९० सालचं पुस्तक उघडायला मला धीर होत नाही. विसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी बऱ्याच गिरण्या आम्ल नसलेल्या खळीकडे वळल्या आणि भरण म्हणून खडूची पूड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट घालायला लागल्या, ती उलट आम्ल मारते. तुमची कॉलेजची वही अशा कागदाची असणार आणि दुसरी भरडलेल्या लगद्याची किंवा जुन्या खळीची. नीट तपासल्याशिवाय पैज लावणार नाही, पण लक्षणं तीच आहेत.

आता आजीच्या गोष्टींचं. आधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, आजच. वही टेबलावर ठेवून काढा, पण पूर्ण १८० अंशात उघडू नका, तुटेल. मग आम्लरहित कागदात गुंडाळून, अंधाऱ्या, कोरड्या जागी. तुटलेल्या कोपऱ्याला चिकटपट्टी अजिबात लावू नका, तिचा गोंद पुढे तपकिरी होऊन कागदात उतरतो आणि मग आम्हालाही काढणं अवघड जातं. लॅमिनेशन तर नकोच. आम्ही अशा जागी कोझो नावाच्या झाडाच्या सालीचा तलम जपानी कागद गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावतो, तो पाहिजे तेव्हा ओला करून काढता येतो.

निळीशाई:
जुनीपोथी ताई, वाचता वाचता उठून फोटो काढायला घेतले. चिकटपट्टी हातात घेतलेली होती मी परवा, थोडक्यात वाचले. मनापासून आभार.

गांधीलमाशी:
माझं आवडतं प्रकरण आलं म्हणून लिहितोय, कागद मुळात आला कुठनं. साधारण सांगतात ते असं की इसवी सन १०५ मध्ये चीनच्या हान दरबारातल्या त्साय लुन यांनी तुतीच्या जातीच्या झाडाची साल, तागासारखे तंतू, चिंध्या आणि मासेमारीची जुनी जाळी यांच्यापासून कागद केला. पण त्याच्याही दोन-अडीचशे वर्षं आधीचे कागदाचे तुकडे चीनमध्ये सापडलेत, म्हणजे त्यांनी तो पहिल्यांदा केला म्हणण्यापेक्षा सुधारून दरबारात आणला म्हणणं बरोबर. तिथनं समरकंद, मग बगदाद, मग स्पेन आणि इटली असा तो सरकत सरकत गेला, हजार वर्षं लागली. इटलीतल्या फाब्रियानोला तेराव्या शतकात पाणचक्कीवरचे हातोडे लगदा कुटायला लागले, सरसाची खळ आली, आणि उजेडात धरल्यावर दिसणारं जलचिन्हही तिथेच सुरू झालं. 

इतकी शतकं कागद म्हणजे जुन्या कपड्यांच्या चिंध्या! लाकूड नाहीच. छपाई वाढली तशा चिंध्या पुरेनात. १७१९ मध्ये रेओमूर या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गांधीलमाशीचं पोळं बघून लिहिलं की ही माशी लाकूड चावून चावून कागदच तर करते, मग आपल्याला का नाही जमणार? जमायला सव्वाशे वर्षं गेली, १८४४ च्या सुमारास जर्मनीत केलर आणि कॅनडात फेनर्टी अशा दोघांनी वेगवेगळं लाकूड भरडून कागद करून दाखवला. माझ्या आयडीचं कारण तेच. लहानपणी खिडकीतलं पोळं पडलं तेव्हा हातात घेऊन बघितलेलं, राखाडी, पट्ट्यापट्ट्यांचं, पुठ्ठ्यासारखं, तेव्हापासून हा विषय डोक्यातनं जात नाही.

आणि आजचा कागद म्हणाल तर दोन तऱ्हेच्या झाडांचं मिश्रण. पाइन, स्प्रूससारख्या झाडांचे तंतू साधारण ३ मिलिमीटर लांब, ते ताकद देतात. निलगिरीसारख्यांचे १ मिलिमीटरच्या आसपास, ते कागद गुळगुळीत करतात. लिहायच्या कागदात आखूड तंतू बरेच असतात, सिमेंटच्या पिशवीच्या कागदात लांब. याशिवाय उसाचं चिपाड, बांबू, गव्हाचा पेंढा, कापूस हेही चालतं.

कोरीपाटी:
एका वहीवर 'वुडफ्री' लिहिलेलं वाचून मी खूश होऊन घेतली होती, झाड न कापता केलेली म्हणून. बरोबर ना?

खिळेजुळारी:
नाही हो, हा गैरसमज फार पसरलेला आहे. वुडफ्री म्हणजे भरडलेला लगदा नसलेला, जुनीपोथी ताईंनी सांगितलेला दुसऱ्या तऱ्हेचा, शिजवलेल्या लगद्याचा कागद. असतो तो बहुतेक लाकडाचाच. टिकायच्या दृष्टीने ते चांगलं लक्षण आहे, वही टिकायची शक्यता जास्त, पण झाड वाचलं असा अर्थ त्यातनं निघत नाही.

पानगळ:
झाडांचा विषय निघालाच आहे तर मी जंगलखात्याशी संबंधित काम करते म्हणून थोडं. झाड वाचवायचं असेल तर वेष्टणावर एफएससीची (फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल, जंगलं नीट सांभाळली जातात का ते तपासण्याचे नियम ठरवणारी संस्था) खूण बघा, ही संस्था १९९३ पासून आहे, आणि नुसती खूण बघून थांबू नका, खालचा शब्द वाचा. १०० टक्के असेल तर सगळं लाकूड तपासलेल्या जंगलातलं. रिसायकल्ड असेल तर सगळा माल पुन्हा वापरात आणलेला. मिक्स असेल तर मिश्र, त्यात काही भाग नुसता नियंत्रित लाकडाचा, म्हणजे प्रमाणपत्र नसलेल्या जंगलातल्या पण बेकायदा तोडीचं वगैरे नाही एवढं बघितलेल्या लाकडाचा, असू शकतो. तिन्हींचा अर्थ वेगळा आहे आणि दुकानात बहुतेक वेळा मिक्सच दिसतं.

रिसायकल कागदाला नाक मुरडू नका एवढंच माझं म्हणणं. रद्दी पाण्यात घुसळतात, साबणासारखं रसायन आणि हवेचे बुडबुडे सोडतात, शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसावर येतात आणि तो फेस काढून टाकतात. दर फेरीला तंतू थोडे तुटतात, आखूड होतात, पाच-सात फेऱ्यांनंतर कागद करायच्या कामाचे राहत नाहीत, म्हणून साखळीत कुठेतरी नवे तंतू लागतातच. कच्ची टिपणं, याद्या, गणितं याला रिसायकल वापरा, आजीच्या गोष्टींना टिकाऊ कागद वापरा. सगळ्याला एकच कागद वापरायचा हट्ट आपणच धरतो.

शिवणटाका:
मी हौसेने वह्या शिवते त्यामुळे दुकानं पालथी घालणं हाच माझा रविवार. दुकानाबद्दल कोणी बोललं नाही अजून म्हणून मी लिहिते, जरा लांबेल.

चकचकीत दुकान आणि चांगलं दुकान यांचा संबंध नाही. मी आत शिरल्यावर आधी कागद कसा ठेवलाय ते बघते. ताव आडवे सपाट ठेवलेत का, काचेतनं ऊन येतं तिथेच वह्यांची चळत आहे का, खालचा गठ्ठा थेट जमिनीला टेकलाय का. वरच्या वहीच्या कडा आणि मधलं पान यांचा रंग जुळवून बघायचा, कडा पिवळट असतील तर माल पडून आहे. मग विचारायचं, हा कागद कुठल्या गिरणीचा? नाव माहीत नसलं तरी चालेल, पण जो दुकानदार आतनं रीमचं वेष्टण आणून दाखवतो, वाचतो, त्याला कागदात रस आहे. सुटा ताव विकतात का, हा माझा सगळ्यात भरवशाचा प्रश्न. सुटे ताव विकणारे लोक कागद हाताळतात, त्यांना तो माहीत असतो. आणि स्वतःचं पेन लावून बघायला एक कपटा देतात का. नुसती रेघ मारू नका, तुमचं नाव लिहा, एक गोल गडद भरा, दहापर्यंत मोजा आणि उलटून बघा.

असं दुकान शोधायचं कसं, तर जे कागदावर पोट भरतात त्यांना विचारा. बाइंडिंगवाले, चित्रकलेचे विद्यार्थी, सुलेखन शिकवणारे, छापखान्याच्या आसपासचे ठोक कागदवाले. मला माझं आत्ताचं दुकान एका बाइंडरने सांगितलं, मी तीन वर्षं त्याच्या दारावरनं जात होते आणि पाटी इतकी मळकी की कधी मान वर करून बघितलंच नव्हतं. 

आणखी एक, कागदाला उभा-आडवा धागा असतो कापडासारखा. यंत्रात लगदा जाळीवर पडतो तेव्हा तो जवळजवळ सगळा पाणीच असतो, ९९ टक्क्यांच्या पुढे, आणि जाळी ज्या दिशेने पळते त्या दिशेने बरेचसे तंतू झोपतात. वर्तमानपत्र एका बाजूने सरळ फाटतं आणि दुसऱ्या बाजूने वेडंवाकडं, ते यामुळे. वहीत हा धागा शिवणीला समांतर पाहिजे. आडवा असेल तर पानं नीट पडत नाहीत, सारखी उभी राहतात, दमट हवेत शिवणीपाशी लाटा येतात. दुकानात वही मधोमध उघडून टेबलावर ठेवा आणि हात काढा, मिटत असेल तर धागा किंवा बांधणी, काहीतरी चुकलंय. नुसत्या गोंदावर चिकटवलेली वहीही मिटते आणि वर्ष-दोन वर्षांत पानं सुटायला लागतात. शिवलेली घ्या, वरनं बघितलं की पानांचे छोटे छोटे जुडगे दिसतात.

गांधीलमाशी:
शिवणटाका, +१. अजून एक, नोटा तपासायचा छोटा जांभळा टॉर्च असेल तर दुकानात न्या. कागद निळसर झगमगला तर त्यात पांढरेपणासाठी चमक आणणारं रसायन आहे. उन्हात ती चमक उतरते आणि मग खालचा खरा रंग दिसतो. जास्त लिहिणाऱ्यांना तसा कागद डोळ्यांवर येतो, मला तरी मलईच्या रंगाचाच बरा वाटतो.

निळीशाई:
बारा दिवसांनी परत आले, काय काय केलं ते सांगते. आजीची सगळी पानं, ६२, फोटो काढून झाली. एक पान आधीच इतकं मोडलेलं होतं की तीन शब्द गेलेत, ते आठवून लिहायचा प्रयत्न केला पण आठवले नाहीत. 

दोन्ही वह्यांच्या शेवटच्या कोऱ्या पानांच्या पट्ट्या आणि आणखी पाच कागदांच्या पट्ट्या खिडकीत लावल्या, अर्ध्या भागावर पुठ्ठा झाकून. आठ दिवसांत वर्तमानपत्राचा उघडा भाग स्पष्ट पिवळा, आजीच्या वहीचा आणखी गडद, कॉलेजच्या वहीत काहीच फरक नाही. त्या १०० जीएसएमवाल्या वहीतही फरक नाही बरं का, म्हणजे ती बहुधा टिकेल, फक्त माझ्या पेनाला चालत नाही, तर तिच्यात आता पेन्सिलने लिहितेय.

दुकानही सापडलं. ग्रंथालयाची पुस्तकं बांधणाऱ्या एकांना विचारलं, त्यांनी सांगितलं. काउंटरवरच्या काकूंना मी सुटा ताव मिळेल का विचारलं तर त्यांनी उलट विचारलं, कशाने लिहिता? पेन दाखवल्यावर चार प्रकारचे कपटे पुढे ठेवले आणि म्हणाल्या सावकाश बघा. मला रडूच यायचं बाकी होतं. मी अर्धा तास बसले तिथे.

आता आजीच्या गोष्टी मी चांगल्या कागदावर परत हाताने उतरवून काढणारे आणि शिवून घेणारे. शिवणटाका, प्रश्न असा की ए४ कागद मधोमध दुमडून वही करायची तर धागा बरोबर येतो का? फाडून बघितला तर लांब बाजूला सरळ फाटतोय.

शिवणटाका:
मग तो दुमडू नका, धागा घडीला आडवा येईल. ए४ बहुतेक लांब बाजूच्या धाग्याचाच मिळतो. त्याच काकूंकडे तोच कागद ए३ मध्ये मागा, लांब बाजूच्या धाग्याचा. तो लांबीच्या मध्यावर कापलात की दोन ए४ होतील आणि त्यांत धागा आखूड बाजूला असेल, आता दुमडा, घडीला समांतर येईल. चार-चार कागदांचा एक जुडगा करा. दोरा लिननचा घ्या, मेणावरनं एकदा ओढून. आणि भोकं टोचायच्या आधी इथे फोटो टाका, मी बघून सांगते.